आठचं नाटक आणि गुजराँवाल्याचं वऱ्हाड

लाहोरच्या एका तंत्रनिकेतनाचे जुने विद्यार्थी दर हिवाळ्यात एकदा जेवायला एकत्र जमतात. कोणी वीजमंडळातून निवृत्त झालेला असतो, कोणी आखातात उमेदीची वर्षे घालवून परतलेला, तर कोणाचे पंपदुरुस्तीचे दुकान आता मुलगे सांभाळत असतात. जेवण आटोपून गुलाबी काश्मिरी चहाचे पेले फिरू लागले, की कोणीतरी अझमत अलींकडे वळतो आणि म्हणतो, “साहेब, करनालींकडे गेला होतात, ते होऊन जाऊ द्या.”

“दर वर्षी तेच ते काय ऐकता,” असे म्हणून अझमत अली चष्मा पुसू लागतात. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, की लोक खुर्च्या पुढे ओढतात.

फर्रुख करनाली कोण, हे त्या मंडळींत कोणाला सांगावे लागत नाही. टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि रात्री आठला एकच नाटक लागत असे, त्या काळातली ही गोष्ट. ज्या दिवशी करनालींच्या नाटकाचा भाग असे, त्या दिवशी टांगेवाले संध्याकाळनंतर भाडे घेत नसत आणि अनारकलीतले दुकानदार चांगल्या गिऱ्हाइकालाही ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावत. त्या उन्हाळ्यात त्यांचे ‘उजव्या हाताची गल्ली’ हे नाटक सुरू होते. मास्तर इनायत हे त्यातले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी सफिया त्यांच्या मर्जीविरुद्ध टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली, म्हणून मास्तरांनी तिच्याशी बोलणे टाकले. एकाच घरात बाप आणि लेक, मध्ये दोन खाटा आणि एक माठ, आणि बोलणे मात्र नाही. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. आता सफियाचे लग्न ठरले होते. शेवटचा भाग तेवढा उरला होता, आणि निरोपाच्या वेळी तरी मास्तर तोंड उघडतील का, या एका प्रश्नावर सारा मुलूख टांगून राहिला होता.

अझमत तेव्हा विजेच्या शाखेत शेवटच्या वर्षाला होता. मोटारीचे वाइंडिंग शिकवण्याच्या तासाला तो मास्तर इनायतांचा गप्प बसण्याचा अभिनय करून दाखवी. शिकवणारे सर तो आधी नीट बघून घेत आणि मगच ओरडत. करनालींच्या प्रत्येक नाटकातले संवाद त्याला पाठ होते. आयुष्यात एकदा या माणसासमोर उभे राहायचे आणि त्याला सांगायचे, की तुमच्यामुळे मला माणसे ऐकू येऊ लागली, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी दोन-तीन भारदस्त वाक्येही त्याने जुळवून ठेवली होती.

ती भेट त्याला घडली ती बहिणीच्या लग्नामुळे.

शगुफ्ता ही त्याची थोरली बहीण. तिचे लग्न गुजराँवाल्याच्या इर्शादशी ठरले होते. इर्शाद मस्कतला नोकरीला होता आणि सुट्टीवर आला होता. मुलीचे वडील मौलाबख्श मुघलपुऱ्याच्या रेल्वे कारखान्यात फोरमन होते, आणि घरातही फोरमनच होते. त्यांनी तारीख काढताना काहीएक नजरचूक होऊ दिली नाही. रमजान तोंडावर आला होता, त्याच्या आत लग्न उरकायला हवे होते. इर्शादचे विमान चुकता कामा नये. शुक्रवारची सुट्टी हाताशी हवी, म्हणजे कारखान्यातल्या लोकांना जागरण सोसेल. आचारी मोकळा हवा. हे सगळे जुळवून त्यांनी एक गुरुवार काढला, कार्डे छापली आणि वाटूनही टाकली. त्यांनी चंद्र पाहिला, रजा पाहिल्या, आचारी पाहिला. टीव्ही पाहिला नाही. ते टीव्ही पाहतच नसत.

लग्नाला आठवडा उरला असताना नवऱ्या मुलाचे मामा, मामू खुर्शीद, गुजराँवाल्याहून आले. कापडाचा व्यापारी माणूस, अंगाने आडवा. सरबत पिऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या आणि विचारले, “मियाँजी, तारीख तुम्हीच काढली ना?”

“मीच काढली. का?”

“नाही, म्हटलं तुमच्या घरी टीव्ही आहे की नाही.”

“आहे. पोरं बघतात.”

“मग पोरांना तरी विचारायचं. त्या गुरुवारी आठला ‘गल्ली’चा शेवटचा भाग आहे.”

मौलाबख्श यांनी विचारले, “कुठल्या गल्लीचा?”

“घ्या,” मामू म्हणाले. “आमच्याकडं तुमची तारीख ऐकून बायका रुसून बसल्यात. नाटक संपल्याशिवाय एकजणही बसमध्ये पाय ठेवणार नाही. माझी स्वतःची बायको म्हणते, इर्शादचं लग्न काय, आज नाही तर उद्या लागेल; मास्तर इनायत काही पुन्हा बोलायचे नाहीत.”

“म्हणजे वऱ्हाड निघणार केव्हा?”

“नऊला नाटक संपेल. मग सगळे रडून घेतील, तोंडं धुतील. निघायला दहा धरा.”

“म्हणजे इथं मध्यरात्री.”

“रस्ता मोकळा असेल,” मामू म्हणाले. “सगळे घरातच बसलेले असणार.”

मामू गेल्यावर मौलाबख्श बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. मध्यरात्री वऱ्हाड म्हणजे गार झालेला पुलाव, पेंगणारे काझी, आणि वाट बघून घरी निघून गेलेली आळी. मुलीच्या बापाने रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत हात जोडून उभे राहायचे आणि जन्मभर ते ऐकून घ्यायचे. शगुफ्ता आतल्या खोलीत मेंदीच्या ताटाशी बसली होती. तिने ताट उगाचच तीनदा इकडचे तिकडे केलेले अझमतने पाहिले.

शेवटी अब्बाजी त्याच्यासमोर येऊन थांबले. “तुझा तो नाटकवाला राहतो कुठं?”

“समनाबादला, अब्बाजी.”

“जा आणि त्याला सांग, एक आठवडा थांब म्हणावं. माझ्या मुलीचं लग्न आहे.”

“अब्बाजी, ते सगळ्या देशाचं नाटक आहे.”

“देशाला आठवडाभर दम धरवेल,” अब्बाजी म्हणाले. “माझ्या पुलावाला धरवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची नमाज झाल्यावर अझमत सायकलीवर समनाबादला गेला. जूनचे ऊन असे होते, की सायकलीच्या मुठी हाताला चटके देत होत्या. करनालींच्या घराचे दार बंद होते आणि आत फोन वाजत होता. कोणी उचलत नव्हते. अझमतने कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार अर्धवट उघडून एका प्रौढ बाईने बाहेर पाहिले. त्या बेगम करनाली.

“साहेब घरात नाहीत,” त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी वरून आवाज आला, “बेगम, टीव्हीवाला असेल तर मी मुलतानला गेलोय.”

बेगमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “ऐकलंत ना? मुलतानला गेलेत. तुम्ही झैदी साहेबांकडून आलात का?”

झैदी साहेब हे नाटकाचे निर्माते. नाटकाच्या शेवटी पडद्यावर त्यांचे नाव येत असे. अझमतने नकारार्थी मान हलवली. जुळवून ठेवलेली भारदस्त वाक्ये ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. तोंडून एवढेच निघाले, “मी तंत्रनिकेतनात शिकतो. विजेच्या शाखेत.”

“विजेच्या?” बेगमने दार सताड उघडले. “मग बाहेर काय उभा राहिलास, बेटा? चल वर. तीन दिवस झाले, पंखा बघायला कोणी येत नाही.”

ज्या खोलीतून ‘उजव्या हाताची गल्ली’ बाहेर पडली होती, त्या खोलीत एक खाट होती, एक टेबल होते, आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदांवर ते उडू नयेत म्हणून एक खरबूज ठेवलेले होते. खाटेवर बनियन आणि चौकड्याची लुंगी नेसलेला एक लहानखुरा माणूस डोक्यावर ओला पंचा घेऊन उताणा पडला होता. वर पंखा फिरत होता, पण इतक्या संथपणे, की पात्यावर बसलेली माशी उठण्याचे कष्ट घेत नव्हती.

“कोण आलंय?” पंच्याखालून प्रश्न आला.

“पंखेवाला,” बेगम म्हणाल्या.

“इतक्यात?” करनाली म्हणाले, आणि त्या आवाजात स्पष्ट निराशा होती.

बेगम खाली गेल्या. अझमतने बटण बंद केले, खुर्ची टेबलावर ठेवली, तो वर चढला आणि खिशातल्या पेचकसाने पंख्याची वाटी उतरवली. दोष शोधायला वेळ लागला नाही. कपॅसिटर गेला होता. तेवढा बदलला की पंखा पूर्ववत झाला असता. पण खालच्या माणसाकडे पाहून त्याला राहवले नाही.

“साहेब, मी पंखेवाला नाही,” तो वरूनच म्हणाला.

करनालींनी पंच्याचा एक कोपरा उचलला. “मग वर का चढलास?”

“बेगमसाहिबांनी सांगितलं म्हणून.”

“हं. मीही त्यांनी सांगितलं म्हणूनच लिहितो. उतर खाली, पडशील.”

खाली उतरून, हातातला पेचकस उगाच फिरवत, अझमतने आपले गाऱ्हाणे मांडले. तारीख, रमजान, मस्कतचे विमान, मामूंच्या घरच्या रुसलेल्या बायका, मध्यरात्री येणारे वऱ्हाड. करनाली हळूहळू उठून बसले. डोक्यावरचा पंचा त्यांनी मांडीवर घेतला.

“थांब. म्हणजे मी लिहू नये, हे सांगायला तू इथपर्यंत सायकल मारत आलास?”

“फक्त एक आठवडा, साहेब.”

“बेगम,” करनालींनी खाली हाक मारली, “बर्फ घालून सरबत पाठव. या घरात आज पहिल्यांदा शहाणा माणूस आलाय.” मग ते अझमतकडे वळले. “झैदी रोज फोन करतो. लिहा. बेगम म्हणते, लिहा. दूधवाला विचारतो, मास्तर बोलणार का. मी म्हणतो, पंखा नीट झाल्याशिवाय या उन्हात एक ओळ निघणार नाही. काय झालंय त्याला?”

“कपॅसिटर गेलाय. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल.”

“आणि नाही मिळाला तर?”

अझमतला आधी कळले नाही. मग कळले.

“उद्या पानं झैदीकडं गेली नाहीत,” करनाली एखादा पाढा समजावून सांगावा तसे सांगू लागले, “तर गुरुवारी भाग तयार होत नाही. भाग नाही, की ते लोकगीतं लावतात. लोकगीतं लागली, की लोक झैदीला शिव्या देतात आणि तुमच्याकडं जेवायला येतात. तुझ्या बहिणीचं लग्न थाटात पार पडतं, मला आठवडाभर झोप मिळते. कपॅसिटर सगळ्या समनाबादेत नव्हता. तूच बेगमला सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही.”

अझमतच्या छातीवरचे ओझे उतरले. अब्बाजींना काय सांगायचे, ते त्याने मनात जुळवलेसुद्धा. सरबत आले, आणि तो बेगमसमोर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की हा कपॅसिटर जुन्या बनावटीचा आहे, मिळणे अवघड दिसते. बेगमने त्याच्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिले, आणि त्या खाली गेल्या.

“बरं जमलं तुला,” करनाली म्हणाले.

सरबताचा अर्धा पेला झाल्यावर अझमतमधला चाहता जागा झाला. “साहेब, एक विचारू? मास्तर शेवटी काय बोलतात?”

“मला काय ठाऊक?”

“म्हणजे?”

“ठाऊक असतं तर पंख्याचं निमित्त कशाला काढलं असतं?” करनालींनी खाटेखालच्या टोपलीकडे बोट दाखवले, ती चुरगाळलेल्या कागदांनी भरली होती. “एकदा त्याला मुलीची माफी मागायला लावली. तो मास्तर राहिना, जुम्म्याचं प्रवचन देऊ लागला. मग म्हटलं, नुसता रडू दे. पण आमचा नट मोठा आहे. त्याला रडायला सांगितलं तर तो जाहिराती लागेपर्यंत थांबत नाही. गप्प ठेवला तर लोक मला या घरात राहू देणार नाहीत. हट्टी माणूस आहे तो. इतके दिवस तोंड शिवून बसला, आता उघडलं तर काय निघेल त्यातून?” त्यांनी अझमतकडे पाहिले. “तुझा बाप काय बोलेल?”

“केव्हा?”

“गुरुवारी. बहीण बसमध्ये चढताना.”

अझमत हसला. “अब्बाजी? ते काय बोलणार? पंख्याचं सांगतील.”

“कसल्या पंख्याचं?”

“जहेजमध्ये, सासरी न्यायला, तिला पंखा दिलाय. आणल्या दिवशी त्यांनी तो अंगणातल्या तुळईला टांगला आणि सुरू केला, तो बंदच करेनात. म्हणाले, तपासायचा आहे. जाता-येता त्याला कान लावायचे. रात्री उठून मोटारीला हात लावून बघायचे, तापली का. मामू म्हणाले, मियाँजी, पंखे तर आमच्या गुजराँवाल्यातच बनतात. तर म्हणाले, बनत असतील. तपासलेला हा एकच आहे.”

करनाली हसले नाहीत. “पुढं?”

“पुढं काही नाही. परवा मला म्हणाले, शगुफ्ताला एक सांगायचंय, मी विसरलो तर तू आठवण कर. पंखा तीनावर ठेव म्हणावं. पाचावर टाकला की घरघरतो. मी म्हटलं, आत्ताच सांगा की, ती बाजूच्या खोलीत तर आहे. तर म्हणाले, आत्ता नको. जाताना सांगीन.”

खाली फोन पुन्हा वाजू लागला आणि वाजून थांबला. करनाली पुन्हा आडवे झाले आणि वरच्या बंद पंख्याकडे पाहत राहिले.

“पुन्हा सांग. कसं म्हणाले?”

“पंखा तीनावर ठेव. पाचावर घरघरतो.”

करनाली एकदम उठून बसले. मग करनालींनी अगदी वेगळ्याच, घाईच्या आवाजात म्हटले, “कपॅसिटर घेऊन ये.”

“पण साहेब, तो मिळणार नव्हता ना?”

“मिळेल. पळत जा.”

अझमत जागचा हलला नाही. हाच माणूस लिहीत असताना त्याच्या खोलीत उभे राहायला मिळावे, याहून मोठे काही त्याने मागितले नव्हते. आणि हा माणूस लिहायला बसला, तर गुरुवारी शगुफ्ताच्या मंडपात रिकाम्या खुर्च्या असणार होत्या. तो नुसता दाराशी उभा राहिला. करनालींनी खरबूज बाजूला केले, पेनचे टोपण काढले, आणि मग त्यांना त्याचा चेहरा दिसला.

“अरे हो. तुझं वऱ्हाड.” त्यांनी पेन टेकवले. “गुजराँवाल्याचं ना? सात वाजता या असं कळवलंस, तर ते केव्हा येईल?”

“नाटक नसतं, तरी दहाला आलं असतं.”

“आणि मंडपात टीव्ही आहे, नाटक आठला आहे, उशीर केलात तर पुढच्या जागा आमची आळी धरील, असं कळवलंस तर?”

अझमतने पेचकस खिशात टाकला.

“लग्नाला उशिरा पोचण्यात आपल्या लोकांना मान वाटतो,” करनाली म्हणाले. “नाटकाला उशिरा पोचण्यात नाही. त्यांना लग्नाला बोलावू नकोस. नाटकाला बोलाव. जा आता, ऊन फार आहे.”

अझमतने कपॅसिटर आणून बसवला. पंखा गरगरू लागला, माशी उडाली, कागद फडफडले, आणि करनाली खरबुजावर डावा हात दाबून उजव्या हाताने लिहीत राहिले. त्यांनी मान वर केली नाही, खुदा हाफिजही म्हटले नाही. जुळवून आणलेल्या भारदस्त वाक्यांपैकी एकही अझमतला बोलता आले नाही. तो पाय न वाजवता जिना उतरला. खाली बेगम त्याच्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या. “जुन्या बनावटीचा होता ना?” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी अब्बाजी वाटच पाहत होते. “काय म्हणाला तो?”

“मंडपात टीव्ही लावा म्हणाले.”

“निकाहच्या मंडपात?” अब्बाजींचा आवाज चढला. आत बांगड्या थांबल्या. पण मौलाबख्श फोरमन होते. राग येत असतानाही त्यांचे गणित सुरूच असे. त्यांनी मंडपाच्या जागेकडे, गल्लीच्या रुंदीकडे आणि विजेच्या खांबाकडे पाहिले. “किती संच लागतील?” त्यांनी विचारले.

मामू खुर्शीदना निरोप गेला, तेव्हा पलीकडून एकच प्रश्न आला. “रंगीत आहे का?”

“एक रंगीत आहे, दोन साधे.”

“मग काळजी नको.”

गुरुवारी लाहोरात जे घडले, ते त्या आळीने त्याआधी कधी पाहिले नव्हते. वऱ्हाड वेळेच्या आधी आले. उन्हे उतरली नव्हती, फुलांच्या माळा यायच्या होत्या, बँडवाले कोपऱ्यावर खिचडी खात होते, आणि मौलाबख्श बनियनवर पुलावाच्या देगेजवळ उभे राहून आचाऱ्याला तांदूळ किती शिजला ते विचारत होते. अशात बस येऊन थांबली. मामू सर्वांत आधी उतरले आणि नवऱ्या मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला, बनियनसह, मिठी मारली.

“मियाँजी, जरा लवकरच आलो,” मामू म्हणाले.

“घर तुमचंच आहे,” मौलाबख्श म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्या खुर्च्या भरत होत्या, आणि आपल्या अंगावर काय आहे ते ते विसरून गेले होते.

मामूंच्या बायकोने मात्र कोणाशी सलाम-दुआ करण्याआधी विचारले, “रंगीत कुठल्या बाजूला आहे?” आणि पुढच्या रांगेत ओढण्या टाकून जागा धरल्या. आळीतले लोक हे पाहून तयारी अर्धवट टाकून धावत आले. ज्यांनी टीव्ही दिले होते, ते आपापल्या टीव्हीसमोरचा हक्क सोडायला तयार नव्हते. काझींनी खुतबा, म्हणजे निकाहचे प्रवचन, सुरू केला, तोही नेहमीपेक्षा आटोपशीर होता. आणि इर्शादने तर प्रश्न पुरता विचारून होण्याच्या आतच ‘कबूल आहे’ म्हणून टाकले. काझींनी त्याला दटावले, आणि मग हळूच विचारले, “आठ वाजायला अवकाश आहे ना?”

जेवणे झाली आणि तिन्ही संच लागले. लागताच चित्र चहूबाजूंनी आत ओढले गेले आणि मास्तर इनायत सुकलेल्या खजुराएवढे दिसू लागले. रोषणाईच्या माळांनी विजेचा दाब खाली आला होता. लोक ओरडण्याच्या आत अझमतने रोषणाईची तार काढून टाकली. सगळा मंडप काळोखात बुडाला, आणि तिन्ही पडदे भरून आले. त्या निळ्या उजेडात नवरदेवाचा सेहरा, काझींची दाढी, आणि सगळ्या रीती गुंडाळून ठेवून बायकांच्या घोळक्यात मागे येऊन बसलेली नवरी, हे सगळे एकाच बाजूला तोंड करून बसले होते. मौलाबख्श तेवढे आचाऱ्याशेजारी पाठ करून उभे होते. त्यांना त्या पेटीशी काही देणे-घेणे नव्हते.

सफियाची गाडी आली. गल्ली जमली. मास्तर इनायत दारातून बाहेर आले, गाडीपर्यंत चालत गेले, आणि खिडकीशी थांबले. मास्तरांनी घसा खाकरला.

“पंखा तीनावर ठेव,” ते म्हणाले. “पाचावर घरघरतो.”

आणि ते वळून घरात गेले. सफियाने खिडकीवर डोके टेकले. एवढेच.

आधी मंडपात कोणाला काही समजले नाही. मग मामू खुर्शीद हुंदका देऊन रडू लागले, आणि त्यांच्यापाठोपाठ दोन्हीकडचे वऱ्हाड रडू लागले. अझमतने मागे पाहिले. अब्बाजी वळून उभे होते. ते पडद्याकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते. अझमत तातडीने रोषणाईची तार जोडण्याच्या कामाला लागला, आणि ती नेहमीपेक्षा फार वेळ जोडत राहिला.

निरोपाची वेळ झाली. शगुफ्ताला बसपर्यंत आणले. तिच्या आत्याने, फूफीने, डोक्यावर कुराण धरले. आता मुलीने रडायचे, बापाने डोक्यावर हात ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत होती, आणि नुकतेच जे पाहिले होते त्यामुळे सगळे लोक मौलाबख्श यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात ठेवला. तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

“अब्बाजी,” शगुफ्ता पदराआडून हळूच म्हणाली, “काही सांगायचं होतं ना?”

“होतं,” मौलाबख्श म्हणाले. “ते त्या मास्तरानं सगळ्या देशाला सांगून टाकलं. आता मी काय सांगू?”

शगुफ्ताने ओठ दाबले. खांदे हलू लागले. बायकांना वाटले, आला हुंदका, आणि त्या पुढे सरसावल्या. पण पदर बाजूला झाला, तेव्हा ती हसत होती, आणि तिचे हसणे थांबत नव्हते. तिच्याकडे पाहून मौलाबख्श हसले. मुघलपुऱ्यातल्या कोणी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. बसच्या पायरीवर उभे राहिलेले मामू, डोळे अजून ओले असताना, तेही हसू लागले.

“रड, मेले,” फूफीने तिला चिमटा काढून दटावले. “सगळं गुजराँवाला बघतंय. निदान कोपऱ्यापर्यंत तरी रड.”

शगुफ्ताने मनापासून प्रयत्न केला. पण बस कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत तिला ते जमले नाही.